वाद्यांच्या वाटणीचं पाणी

आमचे सर पाण्याचा पेला कधी पूर्ण प्यायचे नाहीत. कुणाच्याही घरी गेले, कुणी पाणी पुढं केलं, की पेला वर धरून, ओठ न लावता बरोबर निम्मा प्यायचे आणि उरलेला तसाच हातात धरून बसायचे. गप्पा चालू, पेला हातात. घरच्या माणसाला वाटायचं, पाण्याला वास येत असेल. कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "पाणी गोड आहे तुमचं. पण आम्ही एकटे नाही आलो."

मग व्हायोलिनची पेटी उघडायची. पेटीच्या कोपऱ्यात एक साबणाची डबी असायची. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत धोतराच्या फडक्याचा तुकडा. उरलेलं पाणी त्या फडक्यावर ओतायचं, डबी लावायची आणि ती बाहेरून कोरडी पुसून पेटीत ठेवायची. लाकडाला थेंब लागता कामा नये, पण पेटीतल्या हवेला ओल पाहिजे. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, सरसानं चिकटवलेले जोड सुटतात, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"उदगीरची हवा मार्चमध्ये माणसाचे ओठ फोडते," ते म्हणायचे. "ह्यांचं काय होत असेल? ह्यांना बोलून सांगता येत नाही. म्हणजे येतं, पण फुटल्यावर."

सर उदगीरच्या अध्यापक विद्यालयात संगीत शिकवायचे. मूळचे हैदराबादचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि राग आला की तेलुगू. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. शिपायाला, पहिलीतल्या पोराला, वर्गात शिरलेल्या शेळीलासुद्धा. "तुम्ही बाहेर व्हा. तुमचा तास नाही हा." शेळी जायची, हे विशेष.

मी अकरावीला असताना ते आमच्या मुलींच्या वसतिगृहात रविवारी फुकट शिकवायला येऊ लागले. पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही बोटं दाखवा." मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. त्याआधी मला आयुष्यात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आमच्या गावात, आमच्या वस्तीतल्या माझ्या आजोबांनाही कुणी म्हणत नव्हतं.

मी बोटं दाखवली.

"सुट्टीत काय काम करता?"

"मुगाच्या शेंगा तोडायला जाते."

"हिरवी शेंग आणि वाळलेली शेंग बघून ओळखता?"

"न्हाई सर. हाताला कळतं."

"मग येईल तुम्हाला," असं म्हणून त्यांनी व्हायोलिन माझ्या हातात दिलं. त्याची किंमत किती असेल या भीतीनं मी पहिला अर्धा तास नुसती धरून उभी होते. त्यांनीही वाजवायला सांगितलं नाही. अर्ध्या तासानं म्हणाले, "धरता आलं. पुढच्या रविवारी वाजवू."

त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून एकच शब्द निघायचा: "झालं." शाबास नाही, वा नाही, क्या बात है नाही. वाजवून थांबलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मनासारखं झालं नसेल तर काहीच बोलायचे नाहीत. मनासारखं असेल तर हळूच, "झालं." त्या एका शब्दासाठी मी आठ-आठ दिवस एकच ओळ घासलेली आहे. चार वर्षांत तो मला सात वेळा मिळाला.

सरांच्या डोक्यात एक वेड होतं. तरुणपणी सिकंदराबादला एका बँडमास्तरांच्या घरी त्यांनी चार माणसं अर्धगोलात बसून वाजवताना पाहिली होती. दोन व्हायोलिन, एक त्याहून थोडं मोठं, आणि एक माणसाएवढं थोराड, चेलो. तबला नाही, बाजाची पेटी नाही, पुढं उभं राहून हात हलवणारा कुणी नाही. एकानं श्वास घेतला की चौघं वाजवायला लागायचे. ते दृश्य सरांच्या डोळ्यांतून कधी गेलं नाही.

"आपल्याकडं बघा," ते म्हणायचे. "गाणं म्हणजे एक गवई आणि बाकीचे त्याच्या मागं. भजन म्हणजे एक बुवा आणि बाकीचे टाळ कुटायला. सभा म्हणजे एक पुढारी आणि बाकीचे सतरंजीवर. मला चौघं बसलेले पाहिजेत आणि मागं कुणीच नाही पाहिजे."

बँडमास्तर थकले तेव्हा त्यांनी आपला चेलो सरांना दिला. तो रेल्वेनं उदगीरला आला. त्याला वाजवणारा सरांना मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सापडला. गंगाधरराव मापाडी होते, म्हणजे आडतीवर आलेलं धान्य मोजून देणारे. शेतकरी घरातले, आडदांड, लाजाळू. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा हा माणूस चेलो असा उचलायचा की जणू झोपलेलं पोर आहे. ते धान्य मोजताना आकडे चालीवर म्हणायचे. एकाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाड्यांची रीत. "लाभ... लाभ... दोन... दोन..." दुसरा मापाडी तोच आकडा परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. तो खर्जातला आवाज ऐकून सर म्हणे मोंढ्यात तासभर उन्हात उभे राहिले आणि शेवटी जाऊन म्हणाले, "तुम्ही माझ्याकडं शिकायला या."

गंगाधररावांना वाटलं, रात्रशाळेचे मास्तर आहेत. ते पाटी घेऊन आले होते.

तिसरे बलवंतसिंग. नांदेडचे. लहानपणापासून गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला दिलरुबा हे गजाचं तंतुवाद्य वाजवायचे, आणि पोटासाठी उदगीरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. आम्ही कुठंही निघालो की त्यांचं एक डोकं सुरात आणि दुसरं बसच्या इंजिनात. सरांनी व्हायोलिनहून मोठ्या, मधल्या वाद्याची जागा त्यांच्या दिलरुब्याला दिली.

पहिलं व्हायोलिन मला दिलं तेव्हा मी घाबरले. "सर, तुम्ही असताना मी पहिली कशी?"

"पहिल्या जागेसाठी सगळे भांडतात," सर म्हणाले. "दुसरी रिकामीच असते. मला तिथं मोकळं बसता येतं."

पण तीन पुरुषांबरोबर पोरगी गावोगाव जाणार म्हटल्यावर माझ्या बाची झोप उडाली. सर स्वतः आमच्या गावी आले. वस्तीत आले, घरात आले, जमिनीवर मांडी घालून बसले. मायनं भीतभीत पाणी दिलं. दाराशी दहा माणसं उभी होती, सर पितात की नाही ते बघायला. सर निम्मा पेला प्याले आणि थांबले. दारातली एक बाई कुजबुजलीसुद्धा, "बघ, टाकलं."

सरांनी पेटी उघडली आणि उरलेलं पाणी डबीत ओतलं. बानं विचारलं, "हे काय करून राहिले सर?"

"ह्यांच्या वाटणीचं पाणी. माझ्या गिलासातलं अर्धं ह्यांचं असतं."

"लाकडाला पाणी पाजता?"

"हाव."

बा वाकून व्हायोलिनच्या पेटीत डोकावला. मग हसला. आतल्या खोलीत येऊन मायला म्हणाला, "जाऊ दे तिला. जो माणूस लाकडाला उपाशी ठेवत न्हाई, तो पोरीला काय करील?"

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी आमचा जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ जुनाच परत आला होता. उदगीर उस्मानाबादेतून निघून लातूरला जोडलं गेलं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवं नाव रंगवलं होतं, पण ऊन तिरपं पडलं की खालचं जुनं नाव दिसायचं. मोंढा ओस पडला होता. मोजायला धान्यच नसल्यामुळं गंगाधररावांना वेळच वेळ होता. ते म्हणायचे, "दुष्काळानं मला कलावंत केलं."

त्याच वर्षी सरांच्या बदलीचा कागद आला. नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला, इस्लापूरकडं. सर गेले म्हणजे चौकडी मोडली. सरांनी तो कागद साबणाच्या डबीखाली घालून ठेवला आणि नव्या जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांना भेटायला गेले. साहेब भले होते. म्हणाले, "आधी काम दाखवा. शाळाशाळांतून वाजवा, शिकवा. मार्चमध्ये लातूरला कार्यक्रम आहे, तिथं मी स्वतः ऐकतो. पटलं तर तुमच्या पथकाचा प्रस्ताव वर पाठवू. मंजूर झाला तर तुम्ही इथंच, याच कामावर."

मग दिवाळीपासून आम्ही फिरत राहिलो. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी किंवा सोमवारी परत. शाळेच्या ओट्यावर चार खुर्च्या अर्धगोलात. सर सुरुवातीला तेच तेच बोलायचे, "आम्ही चौघं आहोत. पुढारी कुणी नाही. चांगलं वाजलं तर चौघांचं. वाईट वाजलं तर तेही चौघांचं." मग तीन-चार तुकडे वाजवायचे. सरांनीच बांधलेले. एक जात्यावरच्या ओवीवरून, एक बैलांच्या घुंगरांवरून, आणि एक मापाड्याच्या मोजणीवरून, ज्यात खालचा सगळा सूर चेलोचा होता.

पण खरा कार्यक्रम पुढं असायचा. शाळेतल्या प्रत्येक पोराच्या हातात गज द्यायचा आणि त्यानं मोकळ्या तारेवरून तो एकदा ओढायचा. एकदाच, पण प्रत्येकानं. दोनशे पोरं असली तर दोनशे वेळा. आणि ओळ लावायची ती उंचीप्रमाणे. हजेरीप्रमाणे नाही, हुशारीप्रमाणे नाही, आडनावाप्रमाणे तर नाहीच.

एका गावचे हेडमास्तर घड्याळ बघून म्हणाले, "सर, निवडक पोरं घेऊ या का? दहा-पंधरा."

"निवडायला ते काय तांदूळ आहेत?" सर म्हणाले, आणि पुढच्या पोराला, "या, तुम्ही या."

एका पोरानं गज ओढण्याआधी चेलोच्या पोटावर टकटक करून विचारलं, "सर, ह्याच्या पोटात काय हाय?"

"तहान," सर म्हणाले.

वाद्यांच्या पाण्याचं काम माझ्याकडं होतं. नियम सोपा होता. वाद्यांसाठी वेगळं पाणी कुणाकडं मागायचं नाही. आम्हा चौघांना प्यायला जे मिळेल त्यातलं निम्मं प्रत्येकानं उरवायचं आणि मी ते चार डब्यांत घालायचं. गंगाधरराव तर निम्म्याहून जास्त उरवायचे. "माझी तहान थोडी हाय. ह्याचं पोट मोठं हाय," म्हणायचे.

लातूरच्या कार्यक्रमाआधीचा आमचा शेवटचा दौरा तीन दिवसांचा होता आणि पहिला मुक्काम माझ्याच गावी होता.

गावात चार दिवसांनी एकदा टँकर येत होता. माझी वहिनी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. घरात पाण्याची एक घागर, तीही गळ्यापर्यंत नव्हे. शाळेतला कार्यक्रम आटोपून चौघं घरी आलो. मायनं चार पेले भरले. चौघांनी अर्धे उरवले. मी ते उचलून आत आणले. आत वहिनी बाळाचं फडकं कोरड्याच हातानं झटकून परत वापरायला घडी घालत होती. मला बघून म्हणाली, "ताई, पाहुणे पाणी पेले न्हाईत का? अर्धं अर्धं कामून ठेवलं?"

मी चारही पेले घागरीत ओतले. बाहेर सरांनी विचारलं, "दिलं?"

"दिलं," मी म्हणाले.

सरांशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात, शाळेच्या मागं, एक पोरगी तांब्या घेऊन माझ्याकडं बघत उभी होती. ती काही मागत नव्हती. पण घरी केलं ते इथं न करणं मला जमेना. आपल्या घरच्या बाळाला पाणी आणि परक्या पोरीसमोर ते फडक्यावर ओतायचं, हे कसं व्हावं? मी तिच्या तांब्यात ओतलं. सरांनी विचारलं, मी परत म्हणाले, "दिलं." तिसऱ्या दिवशीही तेच. खरं तर दिलंच होतं, असं मी मनाला समजावत होते. पण सर कशाबद्दल विचारत होते ते मला पक्कं ठाऊक होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेच्या बसनं लातूरला निघालो. वारा असा कोरडा की नाकात खुपत होता. चेलोची लाकडी पेटी नेहमीप्रमाणे मागच्या लांब सीटवर, गंगाधररावांच्या कुशीत. अर्ध्या वाटेत आवाज आला: टक्.

बलवंतसिंग उभे राहिले. "ड्रायव्हरसाब, रोको! पाटा गया!"

बस थांबली. बलवंतसिंग खाली उतरून, पगडी सांभाळत बसखाली शिरले. चाकांवरचे स्प्रिंगचे सगळे पाटे हातानं चाचपले. अख्खी बस खाली उतरून सल्ले देऊ लागली. दहा मिनिटांनी ते धूळ झटकत बाहेर आले. "सगळे पाटे ठीक आहेत. मग आवाज कशाचा झाला?"

"तुमच्या डोक्यातला पाटा असंल सरदारजी," कंडक्टर म्हणाला आणि बस निघाली.

आवाज कशाचा ते लातूरला मोंढ्यातल्या मंडपामागं कळलं. सरांनी चेलोची पेटी उघडली. पोटावरच्या फळीचा जोड वरपासून खालपर्यंत उकलला होता. नख जाईल एवढी फट. गंगाधरराव मटकन खाली बसले. सरांनी साबणाची डबी उघडली, फडकं बोटांत चोळलं. ते पापडासारखं कडक झालं होतं. त्यांनी बाकीच्या तीन डब्या उघडल्या नाहीत. माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगितलं. घागर, वहिनी, तांब्यावाली पोरगी, तीन दिवसांचं खोटं. रडू येऊ दिलं नाही, कारण मला वाटलं रडणं म्हणजे सुटका मागणं होईल.

गंगाधररावांनी मान वर केली नाही. फटीवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मला सांगायचं तरी. माझा पुरा गिलास दिला असता मी."

 

"म्हणजे पाटा नव्हता तर," बलवंतसिंग हळूच म्हणाले. कुणी हसलं नाही.

सरांनी एकच प्रश्न विचारला. "बाळ कसं आहे?"

"बरं हाय."

"बरं." त्यांनी चेलो पेटीत ठेवला, झाकण लावलं. मग गंगाधररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "उठा. चौघं बसणार आहोत आपण."

"मी काय वाजवू आता?"

"मोजा. तुमचा सूर तुमच्या तोंडून मी चेलोत घातला होता. परत तोंडात घ्या."

"सर, अख्खा मोंढा बसलाय समोर. हसतील मला."

"हसू द्या. तुम्ही मोजा."

मंडप भरला होता. पुढं साहेब, मागं व्यापारी, हमाल, मापाडी, शाळांची पोरं. आम्ही चौघं अर्धगोलात बसलो. सर उभे राहून नेहमीचंच बोलले, "चांगलं वाजलं तर चौघांचं. वाईट वाजलं तर तेही चौघांचं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

मी श्वास घेतला. तीन गज चालू झाले. आणि खालून, गुडघ्यांत चेलो असल्यासारखे हात धरून, डोळे मिटून गंगाधररावांनी सुरू केलं, "लाभ..."

मागून खरंच हशा आला. "आरं, हा तर मापाडी!" गंगाधररावांचे कान लाल झाले, पण ते थांबले नाहीत. "लाभ... दोन... दोन..." हशा हळूहळू ओसरला. त्या वर्षी मोंढ्यात मोजायला काही आलंच नव्हतं. ती मोजणी लोकांच्या कानांवर वर्षभर पडली नव्हती. चौथ्या आकड्याला मंडपाच्या शेवटच्या रांगेतून कुण्या म्हाताऱ्या मापाड्यानं सवयीनं तोच आकडा परत म्हटला. मग दुसऱ्यानं. सातपर्यंत येईतो मागच्या तीन रांगांतली माणसं आमच्याबरोबर मोजत होती. समोर एक दाणा नव्हता.

संपल्यावर सरांकडं बघितलं. ते मंडपाच्या कापडाकडं बघत होते. काही बोलले नाहीत.

साहेब येऊन भेटले. त्यांना आवडलं होतं. त्यांनी एक छापील अर्ज सरांच्या हाती दिला, "हा भरून पाठवा, मी शिफारस करतो." सरांनी तो भरून पाठवला. दीड महिन्यानं बसस्टँडवर आम्हा तिघांना बोलावून एवढंच म्हणाले, "मंजूर नाही झालं. मी सोमवारी निघतो."

का ते कुणी विचारलं नाही. मला वाटलं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चार वाद्यांचा प्रस्ताव होता आणि साहेबांना दिसली तीन. चौथं मी फोडलं होतं. चेलो सरांनी सोबत नेला. गंगाधरराव त्याला बसमध्ये चढवून देताना पेटीवरून हात काढत नव्हते. पुढच्या हंगामात पाऊस झाला, ते मोंढ्यावर परत गेले. बलवंतसिंगांनी नांदेडला बदली करून घेतली. मी शिक्षिका झाले, हदगावच्या बाजूला लागले. बाहेरून परीक्षा देत बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. तो कागद हातात आला तेव्हा वाटलं, हा आधी दाखवायचा कुणाला, तर सरांना. आणि तोंड दाखवायचं नाही कुणाला, तर सरांनाच.

शेवटी पेढे घेऊन इस्लापूरला गेले. मधे सात वर्षं गेली होती. पावसाळा संपत आला होता, ओढे भरून वाहत होते, सहस्रकुंडाच्या धबधब्याकडून येणारी हवाच ओली होती. सर म्हातारे झाले होते. दारात उभी राहिले तर म्हणाले, "या, पहिलं व्हायोलिन, तुम्ही या."

चेलो खोलीच्या मधोमध उभा होता. फटीवर गावच्या सुतारानं सागवानाची पट्टी बसवलेली. लपवलेली नाही, चांगली दोन बोटं रुंद. सर म्हणाले, आवाज थोडा घोगरा झालाय, पण लागतो. इथं मला धरून तिघं झालेत, चौथं माणूस शोधून राहिलोय.

मी पदवी दाखवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिक्क्यासकट वाचली. मग सात वर्षं पोटात धरलेलं मी बोलले. "सर, माझ्यामुळं चौकडी मोडली."

सर खरोखर गोंधळले. "तुमच्यामुळं? कशी?"

"चेलो फुटला म्हणून प्रस्ताव..."

ते उठले. व्हायोलिनची पेटी उघडली, डबीखालून दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. एक परत आलेल्या अर्जाची प्रत. चार नावं, चार वाद्यं, गावांची यादी, सगळं सरांच्या गोल अक्षरात. फक्त एक रकाना कोरा. 'पथकप्रमुखाचे नाव.' दुसरं पत्र होतं. सदर रकाना भरून प्रस्ताव पुन्हा सादर करावा, असं त्यात लिहिलं होतं.

"मग भरला नाही तुम्ही?"

"तसाच परत पाठवला."

"सर, कुणाचंही नाव लिहायचं होतं!"

"ज्याचं लिहिलं असतं, बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडं बघायला लागले असते. मग आपण चौघं कुठं राहिलो असतो?"

"पण तसंही नाहीच राहिलो," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सरांपुढं पहिल्यांदाच. "गंगाधरराव परत पोती मोजायला गेले सर. एका नावासाठी?"

सरांनी चेलोच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"हाव," ते म्हणाले. "चुकलंही असेल माझं. तुम्ही सगळे तेव्हा गप्प बसलात, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." मग म्हणाले, "चेलो तुमच्यामुळं फुटला. चौकडी माझ्यामुळं मोडली. तुम्ही माझं ओझं कशाला वागवून राहिल्या इतकी वर्षं?"

मला राग होता, आणि रागाच्या खाली हलकंही वाटत होतं.

सरांनी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला. माठ काठोकाठ होता. बाहेर पन्हाळीखाली घागरी भरून ठेवलेल्या होत्या. त्या हवेत कुठल्याच लाकडाला तहान लागली नसती. मी पेला वर धरला, निम्मं प्याले आणि थांबले. सर खिडकीबाहेर बघत बसले.

मी उठले. चेलोच्या पेटीतली साबणाची डबी काढली, झाकण उघडलं आणि उरलेलं पाणी फडक्यावर ओतलं. सगळं. मग डबी लावली, पदरानं कोरडी पुसली आणि जागेवर ठेवली.

"झालं," सर म्हणाले.